इचारा गुरुजीले : एक चटई, एक उशी अन् सयामचे चिनी

सयाम म्हणजे आजचं थायलंड, हे आधीच सांगून टाकतो. गेल्या अंकात चहाबद्दलच्या एका प्रश्नाचं उत्तर देता देता मी सयाममधल्या चिनी लोकांवर दोन ओळी लिहून गेलो अन् वाचकांनी नेमकं तेच धरलं, चहाचं कोणी नावच घेतलं नाही. म्हणून यावेळची सगळी पानं त्यालेच. प्रश्न ज्याच्या त्याच्या भाषेत ठेवले आहेत, फक्त सुरुवातीचे नमस्कार अन् तब्येतीची चौकशी कापली. तब्येत बरी आहे, गुडघा सोडून.

*

प्र. गुरुजी, माझं दारव्ह्याजवळ कृषी केंद्र हाय. औंदा टार्गेट पूर्ण केलेल्या डीलर लोकायले कंपनीनं बँकॉकले नेलं. बाकीचे मॉलमधी गेले, मी अन् माझा एक सोबती रात्री यावरात नावाच्या रोडवर फिरलो. निरा सोन्याची दुकानं, लाल पाट्या, चिनी अक्षरं, अन् गल्ल्यावर बसलेले लोक चिनी तोंडावळ्याचे पण बोलतात थाई. गाईड म्हणे यायचा एक राजाच चिनी माणसाचा पोरगा होता. मले काही पटलं नाही. चीननं तिथं राज्य केलं होतं काय? नसन केलं तर एवढे चिनी आले कवा अन् कसे?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उ. भाऊ, गाईड खरं बोलला. अन् चीननं सयामवर राज्य कधीच केलं नाही, हेही खरं. सयामचे राजे चीनच्या बादशहाकडे नजराणा पाठवत, पण तो नजराणा म्हणजे अर्धा व्यापारच होता, इकडून लाकूड, मिरी, कातडी न्यायची अन् तिकडून रेशीम अन् चिनी मातीची भांडी आणायची, वरून बादशहाची मर्जी फुकटात. गंमत अशी की सयामच्या राजाचा नजराणा घेऊन जाणारी जहाजं चालवणारे, दुभाषे, हिशेब ठेवणारे, यातले पुष्कळ जण स्वतः चिनीच असत. म्हणजे आपल्या गावचं शिष्टमंडळ तहसीलदाराकडे गेलं अन् त्यात सगळे तहसीलदाराचेच भाऊबंद.

आले कसे म्हणाल तर वाऱ्यानं आले. शब्दशः. हिवाळ्यात चीनच्या किनाऱ्यावरून ईशान्येचा वारा सुटतो, त्यावर शिडं सोडली की जहाज दक्षिणेले सयामकडे येते. परत जायचं तर नैऋत्येचा वारा पाहिजे, म्हणजे आपण मिरगाच्या तोंडावर आभाळाकडे पाहत ज्याची वाट पाहतो तोच मान्सून. मधले चार-पाच महिने माणूस करन काय? माल विकते, उधारी वसूल करते, भाड्यानं खोली घेते, अन् मंग घर बसते. शेजारच्या कंबोडियात १२९६ मध्ये जाउ दागुआन नावाचा चिनी अधिकारी गेला होता, तो अंगकोरच्या राज्यात वर्षभर राहिला अन् त्यानं लिहून ठेवलं की आमचे खलाशी इथं पळून येऊन राहतात, कारण इथं तांदूळ सहज मिळते, बायको सहज मिळते, घर चालवणं सोपं अन् धंदाही सोपा. तो असंही सांगतो की इथला बाजार बायांच्या हाती आहे, म्हणून नवा आलेला चिनी माणूस पहिलं काम काय करते तर इथली बायको करते, म्हणजे धंद्याले भागीदार मिळाला. सव्वासातशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही.

सयामची राजधानी अयुथया. नाव ओळखीचं वाटते न, ते आपल्या अयोध्येवरूनच पडलं. १३५१ मध्ये हे शहर बसलं असं धरतात, पण तिथलं वाट फानन चोएंग नावाचं देऊळ १३२४ चं आहे, राजधानीच्याही आधीचं. त्यातल्या भल्यामोठ्या बुद्धमूर्तीले तिथले चिनी लोक साम पो कोंग म्हणून पूजतात, म्हणजे त्यांच्यासाठी ते चिनी नौदलाचा सरदार झेंग हे याचंही रूप. हा झेंग हे १४०५ ते १४३३ या काळात बादशहाचे मोठमोठे ताफे घेऊन या समुद्रात फिरला, अगदी आपल्या कालिकतपर्यंत आला. त्याच्यासोबतचा मा हुआन सयामबद्दल लिहितो की इथं राजापासून रयतेपर्यंत सगळे निर्णय बायका घेतात अन् त्या पुरुषांपेक्षा हुशार आहेत. (हे वाचून आमच्या घरी एक वाक्य ऐकायले मिळालं, ते इथं लिहित नाही.)

आता यातली मजा पाहा. एकीकडे बादशहा स्वतः ताफे पाठवे अन् दुसरीकडे मिंग घराण्याच्या सरकारनं साध्या व्यापाऱ्याले समुद्रात जायची बंदीच घातली होती. १५६७ मध्ये फूजिआन प्रांतात ती ढिली केली. तोपर्यंत जो गेला तो चोरून गेला, अन् चोरून गेलेला माणूस परत यायले भिते. बंदीनं माणसं थांबली नाहीत, उलट गेलेली तिकडेच रुजली.

पण मुख्य प्रश्न हा की सयामच्या राजाले हे लोक पाहिजे काहून होते? माझ्या मते सगळं गुपित इथंच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. सयामात साधा रयत माणूस मोकळा नव्हता. तो कोण्या न कोण्या सरदाराच्या नाही तर राजाच्या नावावर लागलेला असे अन् त्याले वेठबिगारी करावी लागे, अयुथयाच्या काळात वर्षातून सहा महिने, पुढे बँकॉकच्या काळात चार अन् मंग तीन. त्याच्या मनगटावर गोंदण असे, कोणाचा माणूस म्हणून. वर्षातले सहा महिने दुसऱ्याचा बांध घालणारा माणूस दुकान कधी टाकन, जहाजावर कधी जाईन? अन् गाव सोडून जायचीही त्याले मुभा नाही. चिनी माणूस मात्र या वहीतच नव्हता. कोणाच्या नावावर नाही, बिगार नाही, पाहिजे तिकडे फिरू शके, मजुरी घेऊन काम करे. म्हणून राजाले जहाज चालवायले, हिशेब ठेवायले, नगदी पैसा उभा करायले तोच सापडला. राजाच्या आपल्या रयतेच्या पायात बेडी होती, म्हणून बाहेरच्याचा पाय चालला. चिनी लोक मेहनती असतात म्हणून पुढे गेले असं लोक म्हणतात. मेहनती होतेच, पण सयामी कुणबी काय आळशी होता काय? त्याले वेळच नव्हता राजेहो.

आता तो राजा. नाव सिन, जन्म १७३४ चा. बाप चीनच्या चाओचाउ भागातून आलेला तेओच्यू बोलणारा, जुगाराच्या अड्ड्याचा मक्तेदार होता असं सांगतात, आई सयामी. पोरगा चढत चढत ताक प्रांताचा सुभेदार झाला, म्हणून नाव पडलं ताकसिन. १७६७ मध्ये ब्रह्मदेशच्या फौजेनं अयुथया जाळून बेचिराख केलं. शहर पडायच्या आधीच हा पाचएकशे माणसं घेऊन वेढा फोडून निघाला होता, अन् गेला कुठे तर पूर्व किनाऱ्यावर, जिथं चिनी व्यापाऱ्यांची वस्ती दाट होती. तिथं चंथबुरी नावाचं गाव आहे, चंद्राची नगरी, म्हणजे आपलं चंद्रपूरच की. ते घ्यायच्या आधीच्या रात्री त्यानं सैन्याले जेवायले लावलं अन् मंग हुकूम सोडला की सगळी मडकी फोडा, उरलेलं अन्न फेका, उद्याची न्याहारी गावात करू नाही तर उपाशी मरू. गाव पडलं. चीनच्या इतिहासात शिआंग यू नावाच्या सेनापतीची हीच गोष्ट आहे, इसवी सनापूर्वी २०७ ची, त्यानंही हंडे फोडले अन् होड्या बुडवल्या. ताकसिननं ती बापाकडून ऐकली होती काय ते कोणी लिहून ठेवलं नाही, पण माझा संशय आहे.

त्याच वर्षाच्या शेवटी तो राजा झाला, राजधानी थोनबुरीले नेली, म्हणजे आजच्या बँकॉकच्या नदीपलीकडे. लोक उपाशी मरत होते तेव्हा त्यानं जहाजवाल्यांकडून चढ्या भावानं तांदूळ घेतला अन् वाटला. चढा भाव मिळते म्हटल्यावर आणखी जहाजं आली, आली म्हणून भाव उतरला. बापाच्या भाषेचे तेओच्यू लोक त्याच्या राज्यात इतके वाढले अन् त्यायचा मान इतका की त्यायले ‘चिन लुआंग’ म्हणत, म्हणजे राजाचे चिनी. अन् चीनचा बादशहा? त्यानं बरीच वर्षं याले राजा म्हणून मानलंच नाही. आपलाच माणूस राजा झाला तर भाऊबंदाले जास्ती जड जाते, हे आपल्याले काय सांगायचं.

१७८२ मध्ये ताकसिनचा अंत झाला, त्याले मारलं. त्याचाच सेनापती चक्री गादीवर बसला, तो पहिला राम, आजचं राजघराणं त्याचंच. त्यानं नदीच्या अलीकडे नवा राजवाडा बांधायले जी जागा निवडली तिथं नेमकी चिनी वस्ती होती. तिले सांगितलं की थोडं खाली सांपेंगले जा. ते गेले, अन् आज तुम्ही जिथं फिरले तो भाग तोच. यावरात रोड मात्र शंभरएक वर्षांनंतरचा, १८९० च्या दशकातला, अन् त्याचं नाव म्हणजे आपला ‘युवराज’. तुम्ही युवराज रोडवर सोन्याची दुकानं पाहून आले, भाऊ, अन् तुमच्या गाईडनं हे सांगितलं नाही म्हणजे त्याचे थोडे पैसे कापायले पाहिजे होते.

ताकसिनच्या बापाच्या गावी, चीनमध्ये चेंगहाईले, त्याची समाधी आहे. आत देह नाही, फक्त त्याचे कपडे पुरले आहेत.

*

प्र. गुरुजी, मागच्या अंकात तुम्ही एका ओळीत लिहून सोडून दिलं की सयामात सरकार चिनी माणसाच्या मनगटाले दोरा बांधत होतं. राखीसारखं काय? का नजर लागू नये म्हणून? आमच्या अंगणवाडीतल्या बायांमधे यावर चर्चा झाली.
– एक वाचक भगिनी, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उ. ताई, राखी नाही, ते पावतीचं काम होतं. तुम्ही आरमोरीच्या, तुमच्याकडे पळसाच्या झाडावरची लाख लोकांना माहीत आहे, म्हणून तुम्हाले हे डोळ्यापुढे लगेच येईल.

चिनी माणसाले बिगार नव्हती हे वर सांगितलं. पण सरकार कोणाले फुकट सोडत नाही. १९ व्या शतकाच्या सुरुवातीपासून दर तीन वर्षांनी प्रत्येक चिनी पुरुषानं डोईपट्टी भरायची असा नियम लागला, नंतर ती रक्कम सव्वाचार बाट झाली, बाट म्हणजे तिकडचं नाणं. पैसे भरले की कारकून मनगटाभोवती दोरा गुंडाळे, गाठ मारे, गाठीवर वितळलेल्या लाखेचा थेंब टाके अन् ती गरम असतानाच त्यावर सरकारी छाप दाबे. झाली पावती. आता ही पावती खिशात ठेवायची सोय नाही, आंघोळ करा, चिखलात काम करा, ऊस तोडा, ती मनगटावरच. वसुलीच्या दिवसांत कोणी अडवलं की हात वर करून दाखवायचा. दोरा नाही तर चला आमच्यासोबत. याले तिकडं ‘फूक पी’ म्हणतात, फूक म्हणजे बांधणं.

अन् जिथं सरकार तिथं जास्तीचे पैसे भरून सुटायची सोय असतेच. थोडे वरचे पैसे दिले तर दोऱ्याऐवजी कागद मिळे. शेठ लोकांच्या खिशात कागद, हमालाच्या हाताले दोरा. रस्त्यावरून चालताना लांबूनच कळे कोण काय ते.

यातली खरी गोष्ट पुढेच आहे. चिनी बाप अन् सयामी आई यांच्या पोट्ट्यानं मोठं झाल्यावर ठरवायचं असे की आपण कोण. डोक्यावर मागे लांब वेणी ठेवली अन् तीन वर्षांची डोईपट्टी भरली तर तो चिनी. वेणी कापली, कोण्या सरदाराच्या नावावर लागला अन् मनगटावर गोंदण करून घेतलं तर सयामी. म्हणजे एकाच आईचे दोन भाऊ, एकाच्या मनगटाले दोरा, दुसऱ्याच्या मनगटाले गोंदण. जात-धर्म-रक्त काही कोणी विचारलं नाही, मनगट पाहिलं. पुढे नव्या कायद्यानं हा दोरा गेला अन् चिनी माणसालेही बाकीच्यांसारखीच दरवर्षी पट्टी लागली, तेव्हा जून १९१० मध्ये बँकॉकच्या चिनी व्यापाऱ्यांनी तीन दिवस दुकानं बंद ठेवली. शहराले तेव्हा कळलं की तांदळाच्या दाण्यापासून घोड्याच्या नालापर्यंत सगळं कोणाच्या हातात आहे. पण संप फसला, पट्टी भरावीच लागली.

*

प्र. मी रिटायर तलाठी. आमच्या गावात म्हणत की अमुक शेठचा आजा लोटा अन् दोरी घेऊन आला होता, आज अर्धं गाव त्यांचं. तुमचे सयामचे चिनी म्हणजे तसलंच का? अन् सरकारी वसुली त्यांच्या हाती कशी गेली, हे आम्ही महसूलवाले म्हणून विचारतो.
– एक वाचक, ता. रिसोड, जि. वाशिम

उ. काकाजी, प्रश्न महसूलवाल्याचाच आहे. लोटा-दोरीचं म्हणाल तर थाई भाषेत हुबेहूब म्हण आहे, ‘सुआ फून, मोन बाय’, एक चटई अन् एक उशी. बोटीवरून उतरताना माणसाजवळ एवढंच. आपल्याकडे विहिरीतून पाणी काढायची सोय आधी पाहिली, तिकडं पाणी चोहीकडे, म्हणून झोपायची सोय पाहिली, एवढाच फरक.

वसुलीचं असं. ग्रामपंचायत आठवडी बाजाराचा लिलाव करते, तुम्ही हजारदा पाहिला असन. जो बोली जिंकते तो वर्षाची रक्कम पंचायतीत भरते अन् मंग दर बाजाराच्या दिवशी पावतीबुक घेऊन भाजीवाल्या बाईपासून कोंबड्यावाल्यापर्यंत बैठक वसूल करते. जास्ती निघालं ते त्याचं, कमी पडलं तर घरचं घाला. सयामात अख्ख्या राज्याचा कर असाच लिलावात निघे, दारूचा मक्ता, अफूचा मक्ता, जुगाराचा मक्ता, मिठाचा, साखरेचा. तिसऱ्या रामानं (१८२४ ते १८५१) तर ३८ नवे मक्ते काढले म्हणतात. आपण आज ‘मक्तेदारी’ हा शब्द कशालेही वापरतो, मूळचा अर्थ हाच.

चिनी माणसालेच मक्ता काहून, तर त्याच्याजवळ नगदी पैसा होता, गावोगावी त्याचे भाऊबंद होते, अन् राजाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठं म्हणजे त्याच्याजवळ फौज नव्हती. सरदाराच्या हाती वसुली दिली तर उद्या तो गादीवर डोळा ठेवन. शेठ काय करन? फार तर पळून जाईन.

एक उदाहरण देतो. फूजिआनच्या जांगजाउ भागातला वू रांग नावाचा माणूस १७५० मध्ये दक्षिण सयामातल्या सोंगखलाले आला, आधी भाजीपाला पिकवला, मासे धरले. १७६९ मध्ये ताकसिन राजा तिकडे आला तेव्हा यानं आपल्या मालमत्तेची यादी अन् तंबाखूच्या ५० पेट्या राजापुढे ठेवल्या. बाकी काही मागितलं नाही, समोरच्या समुद्रातल्या दोन बेटांवरची पाखरांची घरटी गोळा करायचा मक्ता मागितला. पाकोळीसारखी पाखरं तिथल्या गुहांमध्ये लाळेची घरटी करतात अन् चिनी लोक त्याचं सूप करून पितात, सोन्याच्या भावानं. तंबाखू देऊन घरटी घेतली! आपला माणूस म्हटला असता, लेकाचा बह्याड हाय, पाखराच्या घरट्यापायी तंबाखू घालवली. सहा वर्षांत, १७७५ मध्ये, हाच माणूस सोंगखलाचा सुभेदार झाला, अन् पुढं सव्वाशे वर्षांच्या आसपास सुभेदारी त्याच घराण्यात राहिली. पश्चिम किनाऱ्यावर रनोंगले असाच एक खाउ सू चिआंग, कथिलाच्या मक्त्यापासून सुरुवात करून १८५४ मध्ये सुभेदार. त्याच्या पोरानं, खाउ सिम बी यानं, थायलंडमध्ये रबराचं झाड पहिल्यांदा लावलं. आज तो देश रबरात जगात पहिल्या नंबरवर आहे.

आता तुमच्या लोटा-दोरीपेक्षा वेगळं काय ते सांगतो. आपल्याकडे आलेल्या शेठ लोकांचे सोयरसंबंध पिढ्यान् पिढ्या त्यायच्या मूळ मुलखातच राहिले, सून तिकडूनच आणायची, लग्नाले तिकडेच जायचं. सयामात चीनहून बाया जवळजवळ आल्याच नाहीत, २० वं शतक उजाडेपर्यंत बोटीतून उतरणारे निरे पुरुष. म्हणून लग्न सयामी बाईशी, स्वयंपाक सयामी, पोरं आईची भाषा बोलणार, देऊळ आईचं. दोन-तीन पिढ्यांत चिनीपण आडनावात उरलं. अन् १९१३ मध्ये आडनावाचा कायदा आला तेव्हा तेही बदललं. नवं आडनाव दुसऱ्या कोण्या घराण्यानं घेतलेलं नको असा नियम, म्हणून उशिरा आलेल्यांनी इतकी लांब आडनावं घेतली की आमच्या शाळेच्या हजेरीपटात मावली नसती. तिथं आडनाव जितकं लांब तितका आजा चिनी असण्याचा संभव जास्ती, असं गमतीनं म्हणतात.

सगळं गोडगोड होतं असं नका समजू. वर शेठ अन् खाली ऊस-साखरेच्या गिरण्यांवरचे मजूर, तेही चिनीच, त्यायच्या गुप्त टोळ्या होत्या, ‘आंग-यी’ म्हणत. १८४८ मध्ये छाछोएंगसाओ भागात या टोळ्यांनी बंड केलं अन् सरकारनं ते रक्तानं विझवलं. त्या मेलेल्यांचे नातू यावरातवर सोन्याच्या दुकानात बसलेले नाहीत.

*

प्र. सर, आमच्या इकडं सट्टापट्टी चालते. एक बुढा म्हणते का हे चिनी लोकायचं खूळ हाय. खरं काय? नाव छापू नका, बाप वाचते हा अंक.
– एक वाचक, जि. नागपूर

उ. नाव नाही छापत, पण बापाले अक्षर ओळखू येते रे पोट्ट्या.

आपली सट्टापट्टी चीनहून नाही आली. मुंबईत लोक न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या अन् बंद होणाऱ्या भावावर आकडा लावत, त्यातून ती निघाली. कापूस आपला, भाव त्यायचा, जुगारही त्याच्यावरच. सयामात मात्र खरंच चिनी खूळ होतं. १८३० च्या दशकात महापूर अन् महागाई येऊन गेल्यावर बाजारातून नाणंच गायब झालं, तेव्हा होंग नावाच्या चिनी शेठनं तिसऱ्या रामाले सांगितलं की लोकांनी पैसा जमिनीत पुरून ठेवला आहे, तो बाहेर काढायचा तर चीनसारखी ‘हुआय’ लॉटरी चालू करा. १८३५ मध्ये झाली. आकड्यांच्या जागी थाई अक्षरं, क, ख, अशी, अन् एकेका अक्षराले एकेक चिनी माणसाचं चित्र. लोक स्वप्नात काय दिसलं ते आठवून अक्षर लावत. पैसा जमिनीतून निघाला खरा, पण तो लोकांच्या घरी थोडाच गेला, मक्तेदाराकडून राजाकडे गेला. १९१६ मध्ये ती बंद केली. ८१ वर्षं चालली, अन् पोट्ट्या, त्यात कोणाचं घर बांधलं गेलं असं मी तरी वाचलं नाही.

*

प्र. इथं कापसाले भाव नाही, सोयाबीन घरात पडून हाय, अन् तुम्ही सयामचं पुराण सांगून राहिले.
– एक शेतकरी, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उ. बरोबर बोलले भाऊ. भावावर लिहायचं काम या अंकातच दुसऱ्या पानावर झालं आहे. पण सयामच्या पुराणातही भावच आहे. १७२२ मध्ये चीनच्या कांगशी बादशहानं सयामचा तांदूळ बिनाजकातीनं आत येऊ द्यायचं ठरवलं, कारण चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर खाणारी तोंडं जास्ती अन् जमीन कमी. तिथून दोन्हीकडची जहाजं वाढली, तांदूळ तिकडे गेला अन् माणसं इकडे आली. म्हणजे आयात शुल्काचा एक निर्णय अन् लाखो लोकांची वस्ती हलली. सयामहून चीनले कापूसही जात होता, बरं का.

त्या जहाजांबद्दल एक सांगायचं राहिलं. १७२३ मध्ये चीन सरकारनं हुकूम काढला की प्रत्येक प्रांताच्या जहाजाचं तोंड वेगळ्या रंगानं रंगवा, ग्वांगडोंगचं लाल, फूजिआनचं हिरवं. लांबूनच कळावं कुठलं ते, जसं आपल्याकडे बैलाच्या शिंगाच्या रंगावरून कोणाची जोडी ते कळते. ताकसिनच्या बापाचा मुलूख ग्वांगडोंगमधलाच, म्हणून तिथली जहाजं लाल तोंडाची.

*

प्र. मीच तो दारव्ह्याचा कृषी केंद्रवाला, फोनवर बोललो होतो. एक राहिलं. तिथल्या नदीकाठच्या मोठ्या देवळाचा फोटो पाठवला आहे, त्याच्या शिखरावर बशा-वाट्याचे तुकडे लावेल हायत. कोणाच्या घरच्या बशा फुटल्या एवढ्या?

उ. फोटो मिळाला भाऊ, तुम्ही मध्ये उभे नसते तर देऊळ जास्ती दिसलं असतं. ते वाट अरुण, अरुणाचंच देऊळ. तुकडे चिनी मातीच्या भांड्यांचेच, पण बशा कोणाच्या घरच्या नाहीत. जहाज भरून माल चीनले गेला, येताना रेशीम-चहा हलका, म्हणून जहाज डोलू नये यासाठी बुडाशी वजन पाहिजे. ते वजन म्हणून भांडी अन् दगडी पुतळे भरत. फुटलेली भांडी देवळाले लागली, अन् दगडी चिनी पहारेकरी वाट फोच्या दारात आजही उभे आहेत, तुम्ही त्यायच्यासोबतही फोटो काढला असन.

तिसरा राम राजा व्हायच्या आधी स्वतःच जहाजांचा एवढा व्यापार करे की बाप त्याले थट्टेनं ‘चाओ सुआ’ म्हणे, चिनी शेठले म्हणतात तसं. नफ्याचे पैसे त्यानं लाल थैल्यांत घालून ठेवले, देशावर वेळ आली तर कामी येतील म्हणून. वेळ आली १८९३ मध्ये, तो मेल्यावर ४० वर्षांहून जास्त काळानं. फ्रान्सच्या लढाऊ बोटी बँकॉकच्या नदीत घुसल्या अन् ३० लाख फ्रँक दंड मागितला, तेव्हा त्या लाल थैल्या फोडल्या. सयाम कोणाची वसाहत झाला नाही त्यात चिनी जहाजांच्या नफ्याचाही वाटा आहे.

अन् त्याच राजाच्या लक्षात आलं होतं की विलायती बांधणीची जहाजं यायले लागली, आता ही जुनी शिडाची चिनी जहाजं काही राहत नाहीत. म्हणून त्यानं वाट यान्नावा नावाच्या देवळात जहाजाच्या आकाराचा चौथरा बांधला, पुढच्या पोरांना ते कसं असे ते दिसावं म्हणून. तेही नदीकाठीच आहे. औंदा परत टार्गेट पूर्ण झालं तर तिथला फोटो पाठवजा, अन् यावेळी थोडं बाजूले उभे राहजा.